मदत हवी आहे: स्टीमपाइपमध्ये इतिहास कसा ठेवायचा?

स्टीमपाइप म्हणजे क्लाउडची माहिती एसक्यूएलने विचारू देणारं साधन. आमची एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनचा क्लाउड) ३० खाती, २ रीजन, रोल फक्त वाचण्याचा. एसक्यूएलने शोधायचंय: सगळ्यांना उघड्या एस३ बकेट (फाइल साठवण), सर्व्हरला न जोडलेले ईबीएस व्हॉल्यूम (डिस्क) आणि आठवड्याभरात काय बदललं.

स्टीमपाइप थेट एपीआयकडून माहिती आणतं, म्हणून जुनी स्थिती मिळत नाही. सगळी खाती एकत्र घेतली की थ्रॉटलिंगही होतं (जास्त कॉल गेले की एडब्ल्यूएस ते अडवतं). ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम मागणं) काढून मोजके कॉलम घेतले (पॉलिसी, व्हर्जनिंगसाठी प्रत्येक बकेटमागे वेगळा कॉल जातो), एका वेळी जाणाऱ्या कॉलवर लिमिटर लावला, कॅशची मुदत ५ मिनिटांवरून तासावर नेली. थ्रॉटलिंग बरंच आटोक्यात आलं, इतिहासाचा प्रश्न तसाच आहे.

क्लाउडक्वेरी हे दुसरं साधन डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सिंक करतं, हे मला जास्त पटतं. पण आम्हाला प्लगइनही (एडब्ल्यूएसशी जोडणारा भाग) मुक्त-स्रोतच हवं, तिथे ते अडतं.

स्टीमपाइपचं एफडीडब्ल्यू (बाहेरचा डेटा पोस्टग्रेसमध्ये टेबलासारखा दाखवणारं एक्स्टेन्शन) स्वतःच्या पोस्टग्रेसमध्ये बसवून रोज रात्री तारखेसह नोंदी साठवणारं कोणी आहे का? त्यात ३० खाती एकत्र कशी जोडता?