इंडिगोला मराठीत काय म्हणायचं? नीळ, पारवा की गुळी

भाषांतरात इंडिगो शब्द आला की लोक सरसकट 'गडद निळा' लिहून मोकळे होतात, मला ते बिलकुल पटत नाही. आपल्याकडे ह्याला एक सोडून तीन शब्द आहेत आणि तिघांची कामं वेगळी आहेत.

शाळेत तानापिहिनिपाजा सगळ्यांनीच पाठ केलंय, त्यातला 'पा' म्हणजे पारवा, तोच इंद्रधनुष्यातला इंडिगो. पण पारव्या रंगाचं लुगडं म्हटलं की डोळ्यासमोर करडं-निळसर येतं, त्यामुळे हा शब्द इंद्रधनुष्यापुरताच ठीक.

झाडाला म्हणायचं गुळी. तिची पानं हौदात पाण्यात आंबवायची, मग ते पाणी खूप घुसळायचं, तळाशी जो साका बसतो तो वाळवून वड्या पाडायच्या, ती झाली नीळ. एकदा रंगकाम जवळून बघायला मिळालं, कापड पिंपातून वर काढलं तेव्हा चक्क पिवळट हिरवं होतं आणि हवा लागल्यावर डोळ्यांदेखत निळं होत गेलं, मी बघतच राहिलो. निळीत कापड रंगवणाऱ्यांना आपल्याकडे निराळी किंवा निळारी म्हणायचे, त्या 'निराळी'चा 'वेगळी'शी काही संबंध नाही हं.

आता मुख्य मुद्दा. नीळ ही वस्तू आहे, स्त्रीलिंगी, म्हणून 'निळीचा', 'निळीची'. निळा हे नुसतं विशेषण. बिहारमधल्या चंपारणबद्दल लिहिताना 'निळीची शेती' असंच लिहायला हवं, कारण तिथे रंगाची नाही, पिकाची सक्ती होती, बिघ्यातल्या 20 कठ्ठ्यांपैकी 3 कठ्ठ्यांत नीळ लावायचीच, तिनकठिया म्हणायचे तिला. त्यात 1897 पासून जर्मनीची कारखान्यातली नीळ बाजारात आली, निळीचे भाव पडले, तर मळेवाल्यांनी 'नीळ लावू नका' म्हणून त्या बदल्यात शेतकऱ्यांचा खंडच वाढवला! गांधीजी 1917 ला तिथे गेले ते ह्याच लोकांसाठी. हे सगळं 'गडद निळा' मध्ये कुठे मावणार?

इंडिगो ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'भारतातला' एवढाच आहे. आणि आपली 'नील' अरबीतून पोर्तुगीजांकडे जाऊन 'अनिल' झाली, त्यावरून रसायनशास्त्रातलं ॲनिलीन.

कपड्यांची नीळ मात्र वेगळी, ती पूड म्हणजे अल्ट्रामरीन नावाचं दुसरंच निळं रंगद्रव्य, गुळीशी तिचं नातं फक्त नावाचं. आज्जी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ती बादलीत हलवायची, तशीच टाकली तर सदऱ्यावर निळे ठिपके उमटायचे. पण घराघरात 'नीळ' शब्द टिकला तो ह्या बादलीमुळेच.

अजून एक, आंबेडकरी चळवळीचा निळा झेंडा, निळी पाखरं, इथे कृपा करून इंडिगो किंवा नीळ आणू नका. तो निळाच. 14 एप्रिलला रस्त्यावर जो निळा दिसतो त्याला दुसरा शब्द लागत नाही, लोकांनी तो स्वतः आपलासा केलाय. काळानिळा, घननीळ ह्यांच्यावर वेगळं लिहीन.

तुमच्या गावाकडे गुळी शब्द अजून बोलण्यात आहे का, असेल तर कशा वाक्यात येतो ते नक्की लिहा.