फोटोवरून घोड्याचं मन सांगणाऱ्या बाई: घोडेवाल्यांनो, तुमचा अनुभव काय?

कुमैतवाला, पलूस

नमस्कार मंडळी. ज्यांच्या दावणीला घोडं आहे त्यांचं सरळ मत हवंय.

माझी घोडी गौरा. कुमैत म्हणजे तांबूस रंगाची, नऊ वर्षांची, अकलूजच्या बाजारातून आणलेली. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा गडी, ठेवलेला नाही, खराऱ्यापासून चंदी-वैरणीपर्यंत सगळं मी आणि बायको करतो. दिवाळीपासून तिचं बिनसलं. खोगीर दिसलं की कान मागं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की मान वळवून दात दाखवायची. एकदा माझा दंड धरलाच, आठवडाभर काळानिळा होता. गावच्या दवाखान्यातून जंताचं औषध दिलं, टॉनिक झालं, फरक शून्य.

बहिणीनं पुण्याच्या एका बाईंचा नंबर दिला. अ‍ॅनिमल कम्युनिकेटर. व्हॉट्सअ‍ॅपवर गौराचा फोटो, नाव आणि वय पाठवलं, 1500 रुपये भरले. फोनवर चाळीस मिनिटं बोलल्या. तीन गोष्टी सांगितल्या. घोडीला नवं खोगीर बोचतंय. पोटात जळजळ आहे. आणि तिला तिचं शिंगरू आठवतंय, "तिला न सांगता नेलं" असं ती म्हणतेय. मंडळी, दोन वर्षांपूर्वी तिचं शिंगरू मी खरंच विकलंय. पहाटे टेम्पोत चढवलं आणि ती दिवसभर खिंकाळत होती. फोन हातात तसाच धरून मी गप्प उभा राहिलो.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे नवं खोगीर काढून जुनं घातलं, भरड कमी केली, रोज संध्याकाळी तासभर बांधावर हातात दोर धरून चारायला न्यायला लागलो. "तिच्याशी बोला, माफी मागा," असंही त्या म्हणाल्या होत्या. एका रात्री गोठ्यात कुणी नाही बघून मानेवर हात ठेवून बोललो. तिनं हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली आणि तशीच राहिली. तिचा गरम श्वास अजून मानेवर जाणवतो.

तीन आठवडे झाले, चावलेली नाही. मेहुणा म्हणतो तुला गंडवलं. मी म्हणतो घोडी सुधारली ना? तुम्ही सांगा.

सांगली सवारी

दादा, तुम्हाला कुणी गंडवलेलं नाही. माझा 22 वर्षांचा घोडा गेल्या वर्षी उठेनासा झाला. डॉक्टरांनी आता त्रास देऊ नका म्हणून सांगितलं होतं, पण माझी हिंमत होत नव्हती. मी अशाच एका बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, तो थकलाय, तुमच्या परवानगीची वाट बघतोय. त्या रात्री मी त्याच्याजवळ पेंढ्यावर बसून राहिले. तो पहाटे गेला. मला त्या शब्दांनी जो आधार दिला तो ना औषधानं दिला ना घरच्यांनी. ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांनी हसू नये.

पशुवैद्य, कराड

ताई, हसणार कोण? तुमच्या घोड्याचं डॉक्टरांनी आधीच बघितलं होतं, त्यामुळं तिथं कुणाचं नुकसान झालं नाही.

कुमैतवाले दादा, तुमचं उत्तर तुमच्याच लिखाणात आहे. खोगीर बदललं, भरड कमी केली, रोज तासभर चारलं. घोडी का सुधारणार नाही?

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास सुटत असतं, पोटात काही असो वा नसो. मोकळ्या रानात घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास तोंड हलवत असतं आणि चावताना येणारी लाळ ते आम्ल शमवते. आपण काय करतो? सकाळ-संध्याकाळ तोबरा भरतो आणि मधल्या वेळात रिकाम्या पोटी दावणीला बांधतो. एवढं मोठं जनावर, पण जठर फक्त 8 ते 15 लिटरचं, आणि त्याच्या वरच्या भागाला आम्लापासून वाचवणारं अस्तर नाही. तिथं व्रण पडतात. असं घोडं तंग आवळला की कावतं. खोगीर पाठीला लागत असेल तरी तेच करतं. लगाम घालताना डोकं उडवत असेल तर दात बघा. घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि वर येत राहतात, दाढांच्या कडा सुरीसारख्या होऊन गालाला कापतात. वर्षातून एकदा कानशीनं घासून घ्यायला हवेत. आपल्या भागात शंभरातल्या किती मालकांनी घोड्याच्या तोंडात हात घालून दाढा बघून घेतल्यात, हे मनाला विचारा.

सांगली सवारी

डॉक्टर, मग बाई बरोबरच बोलल्या की! पोटात जळजळ आणि खोगीर. गावच्या दवाखान्यानं जंताचं औषध दिलं, फोटोवरून बाईंनी पोट सांगितलं. कुणाचं निदान जवळचं?

पशुवैद्य, कराड

प्रश्न रास्त आहे. जंतावर सोडून देणाऱ्याची चूक आहेच, ती मी झाकणार नाही. पण भरडीवर बांधून ठेवलेल्या कुठल्याही घोड्याबद्दल "पोटात जळजळ" म्हणा, बहुतेक वेळा खरं निघेल. शर्यतीच्या घोड्यांत तर व्रण नसलेलं घोडं शोधावं लागतं. आणि चावणाऱ्या घोडीबद्दल खोगिराचं नाव कुणीही आधी घेईल.

मिरजेचा टांगा

माझी पन्नास वर्सं टांग्यावर गेली. मिरज स्टेशन ते दर्गा, दिवसाला धा फेऱ्या. डॉक्टरसायेब म्हंत्यात ते खरं हाय, पर एक सांगतो. घोडं बोलतंय. लई बोलतंय. एक कान फुडं एक मागं म्हंजे त्येचं ध्यान तुमच्याकडं बी हाय आन् रस्त्याकडं बी. मागचा पाय टेकून आराम करतंय ते ठीक, फुडचा पाय फुडं टाकून हुबं ऱ्हायलं तर खूर दुखतोय, त्या दिशी टांगा जुपायचा न्हाय. हे मला बाच्या हाताखाली कळलं. फोटूत घोडं गप असतंय. फोटूतनं त्ये कसं बोलंल? दारात येऊन हात लावून बगा म्हनावं बाईस्नी, मग मी ऐकतो.

खटावचा तबेला

मी इथं फारसा लिहीत नाही. आज लिहितो, कारण "नुकसान काय" असा सूर दिसतोय.

माझा घोडा बादल, अबलख म्हणजे दुरंगी, सात वर्षांचा. मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला तो पोटाकडं वळून बघायला लागला. पुढच्या पायानं जमीन उकरायचा, बसायचा, उठायचा. बायकोनं एका कम्युनिकेटरना मेसेज केला, आमचं त्यांच्याशी आधी दोन-तीनदा बोलणं झालं होतं. उत्तर आलं: "तो घाबरलेला नाही, त्याच्या आत सफाई चालू आहे, त्याला एकटं राहू द्या." आम्हाला तेच ऐकायचं होतं. बाहेर पाऊस होता, डॉक्टर बारा किलोमीटरवर. दिवा मालवून आम्ही घरात गेलो.

पहाटे पाचला तो घामानं निथळत भिंतीला टेकून पडला होता. ओठ वर करून बघितला तर हिरड्या विटेच्या रंगाच्या. सातला डॉक्टर आले. आतडं पिळवटलेलं. घोड्याला उलटी होत नाही, वरच्या बाजूनं काहीच बाहेर पडत नाही, आतला ताण आतच वाढत जातो. दहाच्या आत तो गेला.

त्या एकट्या बाईंना मी दोष देत नाही. फोन मी करायला हवा होता. पण त्या सहा तासांत "आधी डॉक्टरला बोलवा" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत, हे मी विसरणार नाही.

घोडं पाळणाऱ्या प्रत्येकानं हे आजच शिका. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं फिरवली की दोरीसारखी शीर लागते. पंधरा सेकंद ठोके मोजा, चारानं गुणा. निवांत उभ्या निरोगी घोड्याचे मिनिटाला 28 ते 44 भरतात. पोटाकडं बघणाऱ्या घोड्याचे साठच्या वर गेले तर किती वाजलेत हे बघू नका, डॉक्टरला फोन करा. स्वतःचा डॉक्टर नसेल तर 1962 हा जनावरांच्या दवाखान्याचा सरकारी नंबर लावा.

सांगली सवारी

खटावचे दादा, वाचून पोटात गोळा आला. तुमचं दुःख मोठं आहे. तरी एकाच्या चुकीनं सगळ्यांना खोटं ठरवणं मला पटत नाही, डॉक्टरही चुकतात. आणि आपण वारीच्या अश्वाला मानतोच ना? चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात माऊलींचा अश्व स्वार नसताना धावतो, त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. तिथं भाव चालतो, मग इथं का नाही?

खटावचा तबेला

ताई, ती माती मीही लावतो. फलटणपर्यंत चालतही जातो. पण तो अश्व मला माझ्या घोड्याचं पोट कसं आहे ते सांगत नाही. भाव आणि निदान एका दावणीला बांधू नका, एवढंच म्हणणं आहे.

गणिताची बाई, वाई

माझ्याकडं घोडं नाही, पण शिंगराचं त्यांना कसं कळलं हा प्रश्न मनात अडकला म्हणून लिहिते.

बर्लिनमध्ये व्हिल्हेल्म फॉन ऑस्टन नावाचे माझ्यासारखेच गणिताचे निवृत्त मास्तर होते. त्यांचा हान्स हा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं टाप आपटून द्यायचा. मास्तर लोकांकडून पैसेही घेत नसत. 1904 मध्ये तज्ज्ञांच्या मंडळानं तपासलं, लबाडी सापडली नाही. मग ओस्कार फुंग्स्ट यांनी बारकाईनं प्रयोग केले, ते 1907 मध्ये प्रसिद्ध झाले. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं केसभर वर व्हायचं आणि घोडा तिथं थांबायचा. माणसाला स्वतःलाही ते कळत नव्हतं.

कुमैतवाले दादा, नऊ वर्षांची घोडी म्हटल्यावर ती कधीतरी व्यालेली असणार, हा अंदाज अवघड नाही. "शिंगरू" शब्द निघाला आणि तुम्ही गप्प झालात, हे तुम्हीच लिहिलंय. फोनवर शांतताही ऐकू येते. बाई मुद्दाम फसवतात असं मी म्हणत नाही, मास्तरही फसवत नव्हते.

वेण्णाकाठी

महाबळेश्वरला तळ्यावर आमची चार घोडी फिरतात. सीझनला एका पाहुण्यांनी मैत्रिणीकडून फोटोवरून बोलणं करून दिलं, फुकट. मी राजाचा फोटो दिला. त्याच्या आयाळीला लेकीनं लाल रिबिन बांधली होती. उत्तर आलं, "हिला तिची पिल्लं आठवतात." राजा लहानपणीच खच्ची केलेला आहे. मला वाईट वाटलं, कारण मी मनापासून विचारलं होतं. राजा दगडी चढावर अडतो, त्याचं कारण मला हवं होतं. ते शेवटी नालबंदानं दाखवलं, खिळा अर्धा इंच आत गेला होता.

सांगली सवारी

तो अनुभव मी नाकारत नाही. पण मला जे मिळालं तेही मी नाकारणार नाही. यापुढं कुणी मला विचारलं तर आधी डॉक्टर म्हणेन, आणि मग, मन हलकं करायचं असेल तर जरूर बोला म्हणेन.

कुमैतवाला, पलूस

सगळ्यांचं दोनदा वाचलं. खटावच्या दादांचं वाचून रात्री गोठ्यात एक चक्कर जास्त मारली.

शिंगराचं मी मनातून काढू शकत नाही. बाईंना ते माझ्या गप्प बसण्यातून कळलं असेल, तरी ते खरं होतं आणि मला कुणीतरी ते म्हणायला हवं होतं. पुन्हा विकायची वेळ आली तर पहाटे चोरून नेणार नाही. पण पोटाचं आणि दातांचं मी फोनवर सोडणार नाही. डॉक्टर, तुमचा मंगळवार मोकळा असेल तर गौराला घेऊन येतो. नवं खोगीरही आणतो, पाठीवर ठेवून बघा. उपाशी आणायची का?

पशुवैद्य, कराड

या. दात बघायला उपाशी नको, उलट गाडीत पुढं वैरणीची जाळी बांधा, रस्ताभर तोंड चालू राहू दे. व्रण डोळ्यानं बघायचे तर तीन मीटरची दुर्बीण लागते, ती आमच्याकडं नाही. गरज वाटली तर पुढं शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारू.

कुमैतवाला, पलूस

येतो. आज जबड्याखालची शीर शोधली. सापडायला दहा मिनिटं लागली, गौरा सगळा वेळ मान खाली घालून शांत उभी होती. बायकोनं घड्याळ धरलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा 36.