मदत हवी आहे – पिकअपचा मागचा डावा ब्रेक ड्रम खूप तापतोय
नमस्कार मंडळी, नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो घेऊन जातो, माळशेज घाट उतरलो की मागच्या डाव्या चाकातून जळका वास येतोय, परवा ड्रमवर पाणी टाकलं तर चर्र करून वाफच निघाली. उजवा ड्रम मात्र हाताला कोमटच लागतो. लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे पट्टे) मागच्याच महिन्यात दोन्ही बाजूला नवीन टाकलेत. काल ड्रम खोलला तर व्हील सिलेंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबतो तो) रबर उचलल्यावर आत ब्रेक ऑइल दिसलं, एका लायनरची खालची कड ओली काळी पडलीय आणि अॅडजस्टरचा स्टार (लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवायचं दातेरी चाक) तर गंजून जाम, फिरतच नाही. मेकॅनिक म्हणतो पॉलिश पेपर मारून तेच लायनर बसवू, पण ऑइल एकदा आत मुरलं की वर घासून काय उपयोग, मला तरी पटत नाही. सिलेंडरचं फक्त किट (आतली रबरं) टाकू का अख्खा बदलू? ड्रमला कडेला नख अडकेल एवढा काठ आलाय, लेथवर टर्निंग (आतून घासून सपाट करणं) चालेल का नवीनच घेऊ? आणि लायनर दोन्ही बाजूचे परत बदलावे लागतील ना, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. शनिवारी भरलेली गाडी घाटातून न्यायचीय, प्लीज लवकर सांगा.