मदत हवी आहे: रास्पबेरी पायवर चालेल असं जिओकॅशिंगचं सॉफ्टवेअर आणि हातात धरायचं जीपीएस (सोलापूर)

भूगोलबाई:

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात माध्यमिक शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी-नववीची काही मुलं थांबतात आणि आम्ही नकाशावाचन करतो. आता त्यांना वर्गाबाहेर काढून, जिओकॅशिंगच्या धर्तीवर, अक्षांश-रेखांशांवरून प्रत्यक्ष जागा शोधायला लावायच्या आहेत. त्यासाठी आमच्या कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर आणि त्याच्याशी जुळणारं जीपीएस यंत्र, दोन्ही निवडायचं आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोणीतरी डबा (जिओकॅश) लपवतो आणि बाकीचे त्याच्या अक्षांश-रेखांशांवरून, जीपीएस घेऊन तो शोधतात. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला बंद केली. तोवर शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं एकदम नेमकी झाली. ३ मे रोजी ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी एक बादली लपवली आणि तिचा पत्ता म्हणून नुसते अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्याकडे कॉम्प्युटर आहे तो रास्पबेरी पाय ४००, म्हणजे कीबोर्डच्या आतच बसवलेला. ४ जीबी रॅम, एआरएम प्रोसेसर (मोबाइलमध्ये असतो तसा), वर रास्पबेरी पाय ओएसची, म्हणजे लिनक्सचीच, ६४ बिट आवृत्ती. शाळेच्या टीव्हीला जोडतो, वीज फार खात नाही आणि मुलं तो न घाबरता हाताळतात. तेव्हा "विंडोजचा लॅपटॉप घ्या" हा सल्ला कृपया नको. जे पैसे जमले आहेत ते यंत्रांवरच घालायचे आहेत.

आतापर्यंत वाचलं त्यावरून असं दिसतं की जिओकॅशिंगवाले ज्याचं नाव आधी घेतात तो जीसॅक (जिओकॅशच्या याद्या सांभाळणारा प्रोग्रॅम) विंडोजसाठी आहे. जीपीएस यंत्रं बनवणाऱ्या गार्मिन कंपनीचा नकाशाचा प्रोग्रॅम बेसकॅम्प विंडोज आणि मॅकवर चालतो, लिनक्सवर नाही. वाइन नावाचं सॉफ्टवेअर वापरून विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतात, पण ते इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर. एआरएमवर मध्ये आणखी एक इम्युलेटर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) घालावा लागतो. एवढी खटपट करून उभं केलेलं एखाद्या अपडेटनंतर तासाच्या मध्येच बंद पडलं, तर समोर मुलं बसलेली असतात. मला ते नको.

मोबाइल का नाही, हेही सांगते. एक तर शाळेत मुलांना मोबाइल आणायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. दुसरं म्हणजे आपलं ऊन. मार्चनंतर दुपारी फोनचा पडदा बाहेर दिसत नाही आणि फोन तापून स्वतःच बंद होतो. पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र असेल तर सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून आणता येतात.

जागा कोणत्या, तर सुरुवात भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव यांच्या आसपास. पण मनात आहे ते काम मोठं आहे. सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत स्थापन केलेली ६८ लिंगं मुलांनी स्वतः शोधून, जागेवर उभं राहून नोंदवावीत. गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या (लिंगांना तेलाच्या अभिषेकाच्या) दिवशी नंदीध्वज याच लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. मिरवणूक पाहिलेली नाही असं आमच्या वर्गात कोणी नसेल, पण सगळी लिंगं कुठे कुठे आहेत हे सलग सांगणारं मूलही सापडणार नाही. काही गल्लीबोळात आहेत, काही वाढलेल्या वस्तीच्या मधोमध. घरी कोणी मराठी बोलतं, कोणी तेलुगू, कोणी कन्नड, त्यामुळे एकाच जागेची नावंही दोन-तीन येतात. ती सगळी नोंदवहीत यायला हवीत.

आता माझे प्रश्न:

जीपीएक्स फाइल (ठिकाणांची नावं आणि अक्षांश-रेखांश असलेली) उघडून, त्यातली ठिकाणं निवडून, यंत्रात भरणारं आणि एआरएम लिनक्सवर सरळ बसणारं सॉफ्टवेअर कोणतं?

यंत्र कोणतं घ्यावं? दोन हवीत, दोन्ही मिळून साधारण तीस हजारांत. जुनं चालेल.

आणि देवनागरीचं काय करायचं? ओळखीच्यांकडून एक जुनं यंत्र पाहायला आणलं होतं, त्यात मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन आले.

---

टर्मिनल_सोलापूर:

बाई, उपक्रम फार आवडला. मी घरी रास्पबेरी पायच वापरतो, त्यामुळे सॉफ्टवेअरचं सांगू शकतो.

जीसॅकचा विचार सोडून द्या. तुम्हाला दोनच प्रोग्रॅम लागतील, क्यूमॅपशॅक आणि जीपीएसबेबल. दोन्ही मुक्त आहेत आणि दोन्ही पायच्या सॉफ्टवेअर यादीतून थेट बसतात, इम्युलेटर लागत नाही.

क्यूमॅपशॅक म्हणजे बेसकॅम्पच्या जागी वापरायचा प्रोग्रॅम. नकाशा दिसतो, त्यावर ठिकाणं दिसतात, जीपीएक्समधली जिओकॅशची माहितीही तो वाचतो. यूएसबीने जोडलेलं गार्मिन यंत्र ड्राइव्ह म्हणून उघडलं तर तो ते ओळखतो आणि ठिकाणं तिथेच ओढून टाकता येतात.

पण तुमच्या कामाला खरा उपयोग जीपीएसबेबलचा, तो एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलतो. मुलांना लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये तक्ता करू द्या: एका रकान्यात नाव, मग अक्षांश, रेखांश, शेवटी वर्णन. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं इंग्रजीत, ठरलेली असतात तशी. ती फाइल सीएसव्ही म्हणून साठवायची आणि जीपीएसबेबलमध्ये 'युनिकोड सीएसव्ही' हा प्रकार निवडून जीपीएक्स करून घ्यायची. कमांड लिहायची नसेल तर त्याचं खिडकीवालं रूप वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतं, तेही बसवून घ्या. एखाद्या बिंदूपासून ठरावीक अंतराच्या आतलीच ठिकाणं गाळून घ्यायची सोयही त्यात आहे. सिद्धेश्वर मंदिर केंद्र धरून दोन किलोमीटरच्या आतलं तेवढं पहिल्या शनिवारला, असं करता येईल.

देवनागरीसाठी तक्त्यातच दोन रकाने ठेवा. यंत्रात जाणारं नाव रोमन लिपीत, आखूड. मराठी, कन्नड, तेलुगू नावं कॅल्कच्या मूळ तक्त्यात राहू द्या, तिथे सगळ्या लिप्या नीट दिसतात. यंत्राचं काम जागेवर पोचवायचं, नोंदवहीचं काम तक्त्याचं.

---

माळरान:

यंत्राबद्दल मी लिहितो. नान्नजच्या बाजूला पक्षी पाहायला जातो, तेव्हा जवळ जीपीएस असतंच.

तुमच्यासाठी कळीचा प्रश्न एकच: यूएसबीने जोडल्यावर यंत्र पेनड्राइव्हसारखं उघडतं का? उघडत असेल तर कॉम्प्युटर कोणता हा प्रश्नच उरत नाही. 'गार्मिन' नावाच्या फोल्डरमध्ये 'जीपीएक्स' फोल्डर असतं, त्यात फाइल टाकायची, ड्राइव्ह नीट बाहेर काढायची, यंत्र पुन्हा चालू करायचं. झालं.

गार्मिनची ईट्रेक्स १० आणि ईट्रेक्स २२एक्स ही दोन्ही यंत्रं अशीच उघडतात. १० चा पडदा कृष्णधवल आहे, त्यात बाहेरचा नकाशा भरता येत नाही, १००० ठिकाणं मावतात. २२एक्सला रंगीत पडदा, कार्डाची जागा आणि २००० ठिकाणं. ओपनस्ट्रीटमॅपपासून गार्मिनसाठी बनवलेले नकाशे फुकट मिळतात, ते २२एक्सच्या कार्डावर टाकता येतात. दोन्ही दोन पेन्सिल सेलवर चालतात आणि २२एक्सला कंपनी २५ तास सांगते. चार्ज होणारे सेल वापरणार असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीचा आकडा चुकीचा दिसतो.

ईट्रेक्स एसई नवं आहे आणि सेलवर कितीतरी जास्त चालतं, पण त्यातलं जिओकॅशिंग फोनच्या ॲपवर बेतलेलं आहे. तुमच्याकडे फोनच नको आहे, म्हणून ते बाजूला ठेवा. गार्मिनचंच जीपीएसमॅप ६५ उत्तम. एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी घेतं, नाविक या आपल्या भारतीय यंत्रणेचे उपग्रहही घेतं, गल्लीबोळात त्याचा फरक जाणवतो. पण तुमच्या पैशांत ते बसणार नाही.

फार जुनी, २००० च्या दशकातली यंत्रं स्वस्तात मिळतात, त्यांच्याबाबत जपून. त्यातली कित्येक सिरियल केबलवर किंवा गार्मिनच्या स्वतःच्या यूएसबी पद्धतीवर चालतात, ड्राइव्ह म्हणून उघडत नाहीत. जीपीएसबेबल त्यांच्याशी बोलू शकतं, पण लिनक्समधला गार्मिनसाठीचा भाग (मॉड्यूल) आधी बंद करावा लागतो, परवानग्या द्याव्या लागतात. शाळेत हे दर शनिवारी कोण करणार?

जुनं घेताना दोन गोष्टी जागेवरच तपासा. एक म्हणजे केबल. ईट्रेक्स १० आणि २२एक्सला मिनी यूएसबी लागते आणि घराघरांत पडलेल्या केबलींमधल्या काही फक्त चार्जिंगच्या असतात. यंत्र सुरू होतं, ड्राइव्ह मात्र दिसत नाही, आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. दुसरं, परदेशातून आलेलं, मॉडेलच्या शेवटी 'आय' असलेलं यंत्र (६६आय, ६७आय) कोणी देत असेल तर घेऊ नका. त्यात उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय असते आणि परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. साधं जीपीएस फक्त ऐकतं, पाठवत काही नाही, त्याला अडचण नाही.

---

विजापूर_वेस:

डबे लपवणार आहात का? तसं असेल तर कळकळीने सांगतो, शहरात नको. स्टेशन, एसटी स्टँड, देवळाचं आवार इथे बेवारस डबा दिसला की पोलिसांना फोन जातो, आणि तो जायलाच हवा. अधिकृत जिओकॅशिंगमध्येही जागेच्या मालकाची परवानगी लागते, डबा पुरायचा नसतो आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर ठेवावं लागतं.

त्याऐवजी अर्थकॅशचा प्रकार बघा. २००४ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या पुढाकाराने सुरू झाला. डबा नसतोच. जागेवर जायचं, दगड-माती नीट पाहायची आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आपण तर दख्खनच्या बेसाल्टवर बसलो आहोत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातली वायूच्या बुडबुड्यांची भोकं, काही ठिकाणी त्यात भरलेली पांढरी खनिजं, हे मुलांना बोटाने दाखवता येतं. लिंगांच्या बाबतीतही तसंच करा, तिथे गेल्याशिवाय देता येणार नाही असा एक प्रश्न प्रत्येक जागेला.

---

भूगोलबाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. डबे नाहीत, हे आता पक्कं. भोकांचा दगड तर पुढच्या शनिवारीच घेते.

काल क्यूमॅपशॅक आणि जीपीएसबेबल दोन्ही बसवले. काही शोधाशोध करावी लागली नाही. मुलांनी दहा ओळींचा तक्ता केला आणि त्याची जीपीएक्स फाइल झाली, नकाशावर दहाही ठिपके दिसले. एक ठिपका मात्र शहराबाहेर गेला होता. तो ज्याने भरला त्याने यंत्राच्या पद्धतीने अंश आणि मिनिटं असं समजून १७.६६ चे १७ अंश ६६ मिनिटं केले होते. त्याला काही सांगायच्या आत मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, मिनिटं साठच्या पुढे कशी जातील?" मग फळ्यावर गणित झालं: ०.६६ गुणिले ६०, म्हणजे १७ अंश ३९.६ मिनिटं. मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण दिशेला पावणेदोन मीटरच्या जरा वर येतो, हेही त्यांनीच काढलं. दशांशानंतर तीन आकडे का ठेवायचे ते आता मला समजावून सांगावं लागणार नाही.

@माळरान, गल्लीत उभं राहून बिंदू घेतला तर भिंतींमुळे तो सरकेल ना? त्याला काय करायचं?

---

माळरान:

सरकतो. भिंतींवर आपटून आलेले सिग्नल यंत्राला फसवतात. त्यासाठी यंत्रातलं वेपॉइंट ॲव्हरेजिंग वापरा, म्हणजे एकाच जागेच्या अनेक नोंदींची सरासरी. गार्मिनचंच सांगणं आहे की चार ते आठ नमुने घ्या आणि दोन नमुन्यांमध्ये निदान दीड तास जाऊ द्या, कारण मधल्या वेळात उपग्रहांच्या जागा बदलतात. एकाच ठिकाणी लागोपाठ दहा वेळा बटण दाबून ते साधत नाही. वेगवेगळ्या शनिवारी वेगवेगळ्या गटांना त्याच लिंगाकडे पाठवलंत तर ते आपोआप होईल. आणि जिथे आकाश अगदीच चिंचोळं आहे तिथे बिंदू गल्लीच्या तोंडाशी घ्या, पुढचं अंतर पावलांनी मोजा आणि दिशा लिहून ठेवा.

---

भूगोलबाई:

पावलांनी मोजणं आम्हाला उत्तम जमतं, सहावीपासून करून घेते.

तर ठरलं असं: एक २२एक्स नवं आणि एक ईट्रेक्स १० जुनं, मिळालं तर. नवं घेण्याआधी आमच्या पायला जोडून बघता आलं तर जिवाला बरं वाटेल. सोलापुरात कोणाकडे २२एक्स असेल तर शनिवारी दुपारी बारानंतर तासभर भेटता येईल का? पार्क चौकाच्या आसपास कुठेही चालेल. पाय ४०० आणि डेटावाली मिनी यूएसबी केबल मी घेऊन येते, फक्त एचडीएमआयची सोय असलेला पडदा जिथे असेल तिथे बसावं लागेल. कोणी ईट्रेक्स १० विकणार असेल तर व्यनि करा, केबल चालते का ते तपासूनच घेणार आहे.