म्यानमारमधील चिन ख्रिस्ती निर्वासितांविषयी मदत हवी आहे

म्यानमारच्या चिन राज्यातील बहुसंख्य आदिवासी ख्रिस्ती असून, फेब्रुवारी २०२१ मधील सत्तापालटानंतर लष्कराने त्यांच्या वस्त्यांवर आणि चर्चवर केलेल्या हल्ल्यांविषयी मी लेख लिहीत आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात थंटलांग शहरात घरे पेटली आणि आग विझवायला धावलेल्या एका बाप्टिस्ट पाळकांना सैनिकांनी गोळ्या घालून ठार केले. हे वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. हजारो चिन लोक सीमेवरची तिआउ नदी ओलांडून मिझोरममध्ये आले, परंतु भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नसल्याने त्यांचा कायदेशीर दर्जा अधांतरीच आहे. मिझोरमच्या चंफाई भागात मदतकार्य केलेले किंवा निर्वासितांविषयीच्या कायद्याचा अभ्यास असलेले कोणी मला मार्गदर्शन कराल का? मुलांच्या शिक्षणाची प्रत्यक्ष स्थिती विशेषतः जाणून घ्यायची आहे.