नक्षी भरपूर आहे, पण टायर आठ वर्षांचे. बदलायचे का?

चाकोरी:
पेट्रोल हॅचबॅक, एकूण ३१,००० किमी. चारही टायर गाडीबरोबर आलेले, स्टेपनी एकदाही न लावलेली. टायरवर शेवटचे आकडे ४११७ आहेत. खाचांची खोली पुढे ४.५ मिमी, मागे ५.५. गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी निघते, बाकी वेळ उघड्यावर उभी. आता लांबचा प्रवास आहे: चार माणसं, सामान आणि सलग सहा-सात तास महामार्ग. टायरवाला म्हणतो पाचही बदला. गॅरेजवाला म्हणतो नक्षी आहे तोवर बिनधास्त चालवा. कोणाचं ऐकू? आणि दोनच बदलले तर ते पुढे लावायचे की मागे?

पाना_जॅक:
४११७ म्हणजे टायर २०१७ सालच्या ४१ व्या आठवड्यात तयार झाला. पण हे आकडे पाचही टायरवर वाचलेत का? डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत ते असतात. तारखेसकट पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते. बाहेरून दिसली नाही तर ती आतल्या बाजूला आहे असं समजा. पुढच्या चाकांचं स्टिअरिंग पूर्ण वळवून बॅटरी मारली की दिसते, मागच्यांसाठी खाली वाकावं लागतं. टायरवर इतरही चार आकडी नंबर असतात, त्यांना फसू नका. शेवटी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्यावर चर्चाच नको.

रबरी_डोकं:
गॅरेजवाला अर्धा बरोबर आहे. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते की नाही हे खाचांच्या खोलीवर ठरतं, आणि तुमच्या खाचा चांगल्या आहेत. पण रस्ता नुसता ओलसर असतो तेव्हा पकड येते ती रबर डांबराच्या बारीक खडबडीत शिरण्यातून. त्यासाठी रबर मऊ हवं. नव्या टायरचा कडकपणा शोअर ए या मापात (आकडा जितका मोठा तितकं रबर कडक) साधारण ६० ते ७० असतो, वयाबरोबर तो वर चढतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण रबरात नसलेली पकड ते आणणार कुठून?

हा झाला किरकोळ भाग. खरी अडचण आत आहे. नक्षीच्या खाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात आणि त्यांना धरून ठेवतो तो मधला रबराचा पातळ थर. टायरमधली दाबाखालची हवा आतल्या अस्तरातून हळूहळू झिरपत बाहेर येते. तिच्यातला ऑक्सिजन वाटेत याच थराला गाठतो. वर्षानुवर्षं हे चाललं की थर ठिसूळ होतो. मग पट्ट्यांच्या कडेला, जिथे प्रत्येक फेऱ्यात सर्वांत जास्त ताण येतो, तिथे बारीक चीर पडते आणि ती आतल्या आत सरकत जाते. बाहेरून काहीही दिसत नाही. नंतर एखाद्या दिवशी भरलेली गाडी, तापलेला रस्ता, तासन्‌तास वेग आणि थोडी कमी हवा असं सगळं जुळून आलं की नक्षीचा पट्टाच सोलून निघतो. तुमचा प्रवास नेमका याच वर्णनाचा आहे.

उभ्या गाडीचे टायर जपले जातात हा समजही सोडा. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो, ताणला जातो, तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या टायरमध्ये ते नीट येत नाही, आणि वरून ऊन.

तिरपी_नजर:
सहा वर्षं झाली की टायर बदला हा नियम मात्र लोक पंचांगासारखा वापरतात. अनेक गाडी कंपन्या पुस्तिकेत सहा वर्षं लिहितात हे खरं. टायर कंपन्यांपैकी मिशलँचा सल्ला असा: पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनी बदल, मग दिसायला कसाही असो. ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही. म्हणजे सहा ते दहा या पट्ट्यात निर्णय वापरावर ठरतो. थंड, सावलीतली आणि हवा नियमित तपासलेली गाडी असती तर मी आठव्या वर्षी तपासून चालवा म्हटलं असतं. उघड्यावर उभी राहणारी आणि भरून महामार्गावर जाणारी गाडी असेल तर टायरवाल्याचं ऐका.

चाकोरी:
साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, भेगा नाहीत. मी पॉलिश लावतो, टायर काळेभोर चमकतात. नायट्रोजन भरला तर वय लांबेल का?

पाना_जॅक:
चमक बघून काही ठरवू नका. तेलकट, सॉल्व्हंट असलेलं पॉलिश ते संरक्षक मेणच धुऊन काढतं आणि भेगा झाकतं ते वेगळंच. साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवा, वाळू द्या, मग बघा: खाचांच्या तळाशी, नक्षीच्या खांद्यावर आणि रिमला चिकटलेल्या कडेजवळ. गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून पुन्हा बघा, कारण जमिनीला टेकलेला भाग पहिल्यांदा दिसतच नाही. केसाएवढ्या वरवरच्या रेषा असतील तर लक्ष ठेवा. नख अडकेल एवढी भेग असेल तर टायर गेला. टेंगूळ आलं असेल तर त्याच दिवशी काढा, आतले धागे तुटलेले आहेत.

नायट्रोजनने आतून होणारं ऑक्सिडेशन मंदावतं, पण साध्या हवेतही तो सुमारे ७८ टक्के असतोच. आठ वर्षांत जे ठिसूळ झालं ते मऊ होणार नाही.

ओला_रस्ता:
दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्यात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि सावरायला वेळ मिळत नाही. अर्थात तुमच्या बाबतीत चारही एकाच वयाचे आहेत, म्हणून दोन बदलून अर्धाच प्रश्न सुटतो.

स्टेपनीही आठ वर्षांचीच आहे. डिकीत पडून तिची नक्षी झिजत नाही, पण आत दाबाखालची हवा तीच. पंक्चर झाल्यावर जवळच्या दुकानापर्यंत, कमी वेगाने, एवढाच तिचा उपयोग धरा. नव्या चारांत तिला फिरवू नका.

घेताना तारीख वाचूनच रिमवर चढवू द्या. नीट साठवलेला वर्षभरापूर्वीचा टायर चालतो, कारण रिमवर न चढवलेल्या टायरमध्ये ना दाब असतो ना उष्णता. रबरी व्हॉल्व्ह त्याच वेळी बदला, तोही आठ वर्षांचा आहे. हवा गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर मोजा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा जो आकडा आहे तेवढी भरा, आणि वाटेत गरम टायरचा दाब चढलेला दिसला तर हवा सोडू नका.

रबरी_डोकं:
बदलेपर्यंतच्या दिवसांसाठी एक खूण. २०-३० च्या वेगात चाकाच्या फेऱ्याबरोबर ठक-ठक जाणवली किंवा स्टिअरिंग हलकं डोलू लागलं, तर बॅलन्सिंग करून घेऊ असं म्हणत पुढे जाऊ नका. पट्टा सुटायला लागला की सुरुवात बऱ्याचदा अशीच होते. चाक उचलून हाताने सावकाश फिरवा आणि नक्षी बाजूने बघा, एका जागी फुगवटा वर-खाली होताना दिसेल.