दुबईच्या सीबीएसई शाळेची ऑफर : एकूण ४,५०० दिरहम, मूळ पगार २,०००. जावं का?

गणित_सातारा

सातारा जिल्ह्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिक्षक, सेवा कायम. बी.एस्सी. (गणित), बी.एड., नववी-दहावीचा अनुभव. दुबईतल्या एका खाजगी सीबीएसई शाळेची ऑनलाइन मुलाखत झाली आणि ऑफर आली : मूळ पगार २,०००, घरभाडं १,५००, प्रवास ५००, इतर ५००. १ एप्रिलला हजर व्हा म्हणतात. पत्नीचंही बी.एड. झालंय (मराठी-इतिहास), मुलगी सहा वर्षांची. प्रश्न तीन. एवढ्यात कुटुंब नेता येईल का? कागदपत्रांचा क्रम काय? आणि इथल्या नोकरीचा राजीनामा कसा द्यायचा? मधल्या एजंटाने "व्हिसा आणि प्रोसेसिंग"चे ८५ हजार मागितलेत.

कुसैसकर

शेवटचं आधी. ते ८५ हजार देऊ नका. यूएईच्या २०२१च्या कामगार कायद्यात (२ फेब्रुवारी २०२२पासून लागू) भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाचा, तो कर्मचाऱ्याकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करता येत नाही. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क घेता येतं, पण कमाल ३० हजार अधिक जीएसटी, तेही पावतीसह. एजंटाचं नाव ई-मायग्रेट पोर्टलवरच्या (परदेशी नोकरीसाठीची भारत सरकारची साइट) यादीत शोधा. नसेल तर त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

आता पगार. लोक ४,५००ला २४ने गुणून "महिना लाखाच्या वर" म्हणतात आणि बॅगा भरायला घेतात. तिथे खरा आकडा मूळ पगाराचा. ग्रॅच्युइटी त्यावरच निघते : पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. २,०००वर वर्षाला १,४०० दिरहम होतात. हाच मूळ पगार २,७०० असता तर १,८९०. वर्ष पुरं व्हायच्या आत नोकरी सुटली तर शून्य. सक्तीच्या बेरोजगारी विम्यातही भरपाई मूळ पगाराच्याच ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने, आणि स्वतः राजीनामा दिला तर तीही नाही. म्हणून एकूण रक्कम वाढत नसेल तर निदान "इतर ५००" मूळ पगारात घाला, असं शाळेला लिहा. शाळेला महिन्याला जास्त काही द्यावं लागत नाही, त्यामुळे कधीकधी मान्य होतं.

कुटुंबाचं गणित. व्हिसा स्पॉन्सर करायला ४,००० दिरहम पगार किंवा ३,००० आणि राहायची सोय लागते, म्हणजे कागदावर तुम्ही बसता. पण शारजाच्या अल नहदा भागात साधा वन बीएचके वर्षाला ४० हजारांच्या आसपास धरा, दुबईच्या हद्दीत कुसैसला त्याहून बराच जास्त. भाडं महिन्याला देत नाहीत, वर्षाचे दोन किंवा चार पुढच्या तारखांचे चेक घरात शिरतानाच द्यायचे. दलालाची ५ टक्क्यांच्या आसपास दलाली, घरमालकाची अनामत, आणि दुबईत फ्लॅट असेल तर वीज-पाण्याची २,००० अनामत वेगळी. पहिला पगार हातात यायच्या आत दहा-पंधरा हजार दिरहम बाहेर जातात. पुढे दरमहा भाड्याचेच साडेतीन हजार. उरलेल्या हजारात किराणा, फोन, वीज आणि मुलीची शाळा बसत नाही. एका पगारावर कुटुंब : नाही. एकट्याने शेअरिंग रूममध्ये राहून : चालतं, दोन-अडीच हजार मागे पडू शकतात. मात्र खोलीत प्लायवूडची पार्टिशनं टाकलेली जागा घेऊ नका. पालिका ती उतरवते आणि भाडेकरू रस्त्यावर येतो.

शिक्का_मोर्तब

कागदांचा क्रम चुकला की दोन महिने जातात, म्हणून सविस्तर.

यूएई अपॉस्टिल (हेग करारातल्या देशांत चालणारा एकच प्रमाणीकरणाचा शिक्का) मानत नाही. ओमान, बहरीनला गेलेल्या मित्राचा सल्ला इथे लावू नका, ते देश त्या करारात आहेत. तुमचा रस्ता असा : विद्यापीठाची पडताळणी, मग मंत्रालयातून राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय (तिथे कागद थेट देता येत नाहीत, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फतच जातात), मग यूएईचा दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास, आणि शेवटी यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. बी.एस्सी. आणि बी.एड. दोन्हींचं पदवी प्रमाणपत्र हवं. प्रोव्हिजनल चालत नाही. पदवीदान समारंभाला गेला नसाल तर आज विद्यापीठात अर्ज टाका, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

प्रमाणपत्राला लॅमिनेशन केलं असेल तर शिक्के-स्टिकर मागच्या बाजूला बसत नाहीत. ते घरी सोलायला जाऊ नका, शाई सुटून अक्षरं प्लास्टिकबरोबर येतात. दुय्यम प्रत काढणं बरं.

पत्नीच्या कागदांत अडचण नक्की येणार. पदवीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं नाव आणि नवऱ्याचं नाव, म्हणजे तीन शब्दांतले दोन वेगळे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र याच साखळीतून प्रमाणित करून घ्या, तुम्हाला फॅमिली व्हिसासाठी ते लागतंच. राजपत्रात नावबदल छापून आला असेल तर तोही अंक जोडा. मुलीचा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा हस्तलिखित असेल तर आधी संगणकीकृत इंग्रजी दाखला काढा, त्यावर मुलीचं पूर्ण नाव आहे ना ते बघा. पुष्कळ दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरीच असते.

पदवी मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीची असेल तर यूएईत समकक्षता मिळताना अडते. तुमची नियमित असेल तर काळजी नाही. विषय मात्र पदवीशी जुळला पाहिजे : बी.एस्सी. गणितवाल्याला गणितासाठी केएचडीएची (दुबईतल्या खाजगी शाळांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मंजुरी सहज मिळते, शाळेने "सोबत फिजिक्सही घ्या" म्हटलं तर तेवढी सहज नाही. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट कार्यालयातून. ते फार आधी काढू नका, जुनं झालं म्हणून परत येतं. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे असतो. फुप्फुसावर जुन्या टीबीचा डाग असण्याची शंका असेल तर निघण्याआधी इथेच बघून घ्या.

नियम_चाळीस

राजीनाम्याबद्दल. तुम्हाला १९७७चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि १९८१ची नियमावली लागू. कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस, नियम ४०. मध्येच गेलात तर तेवढ्या काळाचा पगार संस्था वसूल करू शकते. १ एप्रिलला तिकडे हजर व्हायचं तर डिसेंबर संपायच्या आत पत्र जायला हवं. वेळ टळली असेल तर दुबईच्या शाळेकडे सुट्टीनंतरची, ऑगस्टअखेरची रुजू तारीख मागा, किंवा नोटिशीचा पगार भरायची तयारी ठेवा.

पत्र स्वतःच्या हाताने, दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत संस्थेला रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने (वेगळी रजिस्टर पोस्ट सेवा २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली). मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून येणं म्हणजे राजीनामा नव्हे. कार्यमुक्तीचा आदेश, अनुभव प्रमाणपत्र, सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र हातात घेऊनच गाव सोडा. मागाहून परदेशातून हे मिळवणं महाकठीण.

माझं मत कुसैसकरांहून थोडं वेगळं आहे. राजीनाम्याआधी असाधारण रजेचा लेखी अर्ज करून पाहा. विनावेतन असते आणि मंजुरी संस्थेच्या मर्जीवर आहे, बहुतेक वेळा नकारच येतो. पण रजेवर असताना परवानगीशिवाय तिकडे नोकरी धरली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, म्हणून अर्जात कारण खरं लिहा. अनुदानित शाळेतली मान्यताप्राप्त जागा एकदा सुटली की परत भरती पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर. एकट्याने जाऊन महिन्याला अडीच हजार दिरहम वाचवायचे तर साठ हजार रुपये होतात. तुमच्या हातात आज इथे किती पडतात ते तुम्हालाच ठाऊक, पण सातव्या वेतन आयोगाचा पगार आणि घरचं घर धरलं तर फरक वाटतो तेवढा नाही.

गणित_सातारा

सगळ्यांचे आभार. एजंटाला आजच नकार कळवला, शाळेशी थेट ईमेल चालू आहे. अजून दोन शंका. ते म्हणतात, आधी व्हिजिट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ. आणि पत्नीला तिथे नोकरी मिळण्याची शक्यता किती?

कुसैसकर

व्हिजिट व्हिसावर येऊन नंतर व्हिसा बदलता येतो, पण मधल्या काळात वर्गावर उभं राहणं बेकायदा. दंड शाळेला होतो, हद्दपारीची टांगती तलवार तुमच्यावर. एम्प्लॉयमेंट एंट्री परमिट पाठवा म्हणा. त्याआधी यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाचं अधिकृत ऑफर लेटर सहीला येतं : अरबी, इंग्रजी आणि तिसरी भाषा हिंदी घेता येते. शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र वेगळं, हे वेगळं. पुढचा करार या ऑफरपेक्षा कमी देणारा असू शकत नाही. म्हणून चारही आकडे याच कागदावर जुळवा, आणि व्यवहार क्रमांक मंत्रालयाच्या साइटवर टाकून खरा आहे का ते बघा.

सहीआधी शाळेला लेखी विचारा : पगार बारा महिन्यांचा की दहाचा, जुलै-ऑगस्टचं काय? आठवड्याला तास किती, आणि गैरहजर शिक्षकाचे तास धरून किती? बस ड्युटी? मुलीला फीत सवलत किती टक्के, पहिल्या वर्षापासून की प्रोबेशननंतर? प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त लिहिलं असेल तर ते कायद्याबाहेरचं. त्या काळात देश सोडून परत यायचं तर १४ दिवसांची नोटीस, तिथेच दुसरी शाळा धरायची तर महिन्याची. पासपोर्ट किंवा मूळ पदव्या "ऑफिसात जमा" करायला सांगितल्या तर देऊ नका, पासपोर्ट ठेवून घेणं तिथे बेकायदाच आहे.

पत्नीला तुमच्या व्हिसावर राहून काम करता येतं, नवीन मालक फक्त वर्क परमिट काढतो. अडचण विषयाची. मराठीला तिथल्या शाळांत जागा जवळजवळ नाहीत. इतिहासावर समाजशास्त्राची जागा निघू शकते, किंवा प्राथमिक वर्ग. केएचडीएच्या साइटवर शाळानिहाय तपासणी अहवाल आहेत, त्यात शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आणि वर्षभरात किती शिक्षक सोडून गेले ते असतं. तुमच्या शाळेचा अहवाल उघडून तो सोडून जाणाऱ्यांचा आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.